लखू वेळीपानं मापलेली काळी पूड

दिग्गीच्या शाळेवर मी मास्तर म्हणून आलो ते १९५७ साली. राज्यं नुकतीच बदलली होती. मुंबई इलाख्यातला आमचा सुपा तालुका म्हैसूरकडे गेला होता, आणि इथली मराठी शाळा राहते की उठते याची सगळ्यांना धास्ती होती. शाळा राहिली. मीही राहिलो.

शाळेच्या वरच्या अंगाला अर्ध्या तासाच्या चढावर वेळीप कुणब्यांची पाच घरं होती. त्यातलं कडेचं घर लखूचं. घरात तो आणि त्याची बायको गिरजा. भात, थोडी नाचणी, दोन म्हशी. शेतीचं काम सरलं की लखू डोंगरापलीकडच्या मँगनीजच्या खाणीवर जायचा, सुरुंगाची भोकं पाडायला. १९५८ च्या मार्चमध्ये एक सुरुंग उशिरा उडाला. लखूच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं गेली आणि डावा कान कायमचा बंद झाला.

हात बरा झाल्यावर खाणीच्या मॅनेजरनं त्याला हलकं काम दिलं. खाणीवर दगड तपासायची एक कौलारू खोली होती. तिथं खनिजाचे नमुने कुटायचे, पूड चाळायची, बाटल्या धुवायच्या. सुरुंगावरच्या गड्याला हे बायकी काम वाटेल असं सगळ्यांना वाटलं होतं. लखूला मात्र ते आवडलं. "थितं कुनी वरडत न्हाई," तो मला म्हणाला होता. "एका कानाच्या मान्साला बरं हाय."

तीन वर्षांनी त्या खोलीत नवा केमिस्ट आला. नारायण घाडी, मूळचा खानापूरचा, धारवाडला एम.एस्सी. झालेला. वय अठ्ठावीस, अंगानं किरकोळ, बोलताना चष्मा सारखा वर सारायची सवय. नोकरी करता करता त्याला पीएच.डी. करायची होती. धारवाडच्या एका प्राध्यापकांनी त्याला हाताखाली घेतलं होतं आणि विषय दिला होता : धातूला सेंद्रिय पदार्थ जोडून जी संयुगं होतात, त्यांना चुंबक किती ओढतो हे मोजायचं. संयुगं नारायण सुटीत धारवाडला जाऊन बनवायचा. मोजणी मात्र खाणीवर करायचा, कारण मँगनीजमधले लोखंडाचे कण वेगळे काढायला खाणीनं विजेवर चालणारा मोठा चुंबक घेतला होता, आणि तेवढा मोठा चुंबक त्याला धारवाडला मिळत नव्हता.

मी एकदा ते बघायला गेलो. काचेच्या पेटीत नाजूक तराजू होता. त्याच्या एका पारड्याखाली रेशमी धाग्यानं पेन्सिलीएवढी काचेची नळी टांगलेली, आणि नळीचं खालचं टोक चुंबकाच्या दोन तोंडांच्या मधोमध. नळीत पूड भरायची. आधी तसंच वजन करायचं, मग वीज सोडून पुन्हा करायचं. चुंबकानं पूड खाली ओढली की वजन वाढल्यासारखं दिसतं. वाढ मिलिग्रॅममध्ये, म्हणजे मुंगीच्या पायाएवढी. हे काम फक्त रविवारी व्हायचं, कारण इतर दिवशी दगड फोडायचं यंत्र चालू असे आणि वीज स्थिर राहत नसे.

"ओढलं काय जातं?" मी नारायणला विचारलं.

तो म्हणाला, "धातूच्या अणूत इलेक्ट्रॉन असतात, मास्तर. बरेचसे जोडीनं राहतात. जोडीतले एकमेकांची ओढ मारून टाकतात. पण काही एकटे असतात. चुंबक ओढतो ते त्या एकट्यांमुळे. किती ओढलं यावरून एकटे किती आहेत ते काढता येतं."

या सगळ्यात अवघड गोष्ट होती नळी भरणं. पूड सैल बसली की आकडा चुकतो, एका बाजूला दाटली तरी चुकतो. नारायण भरायचा तेव्हा दर वेळी वेगळा आकडा यायचा. एका रविवारी वैतागून त्यानं नळी लखूच्या हाती दिली. लखूनं चिमूटभर पूड टाकली, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांत नळी उभी धरली आणि चार अंगुळं उंचीवरून फळीवर सोडू लागला. टक, टक, टक. चिमटीचिमटीनं पूड टाकत त्यानं असे सव्वाशे ठोके दिले. मोजायला पुढ्यात चिंचोके ठेवले होते, दर दहा ठोक्यांना एक सरकवायचा. नारायणकडे एक निळी पूड होती, जिची ओढ जगभर ठाऊक आहे. तराजू नीट चालतो का हे तिच्यावरून बघतात. लखूनं ती पाच वेळा भरली आणि पाचही वेळा एकच आकडा आला.

तेव्हापासून नळी लखूच भरू लागला. नारायणनं त्याला आकडे वाचायला आणि वहीत उतरवायला शिकवलं. अक्षरं लखूनं शिकली नाहीत. आकडे मात्र असे कोरीव काढायचा की मी ते शाळेत दाखवायला आणले होते. आमच्याकडचे कुणबी कमरेला लाकडी आकडी बांधतात आणि तिच्यात कोयती अडकवतात. जंगलातून चालताना ती लागतेच. लोखंड चुंबकाजवळ नको म्हणून लखू कोयती बाहेरच्या जांभळीला टांगून मगच आत यायचा. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

गोवा मुक्त झाला त्याच्या पुढच्या वर्षीची, १९६२ च्या नोव्हेंबरातली गोष्ट. नारायण दिवाळी करून धारवाडहून परतला तो एक काळी पूड घेऊन. क्रोमियम धातूला क्विनोन जातीच्या सेंद्रिय पदार्थाचे तीन तुकडे जोडून ती केली होती. क्रोमियमचे तीन इलेक्ट्रॉन एकटे असतात, सेंद्रिय तुकडे निमूट असतात, म्हणून ओढ अमुक इतकी यायला हवी असा हिशेब त्यानं आधीच मांडून ठेवला होता : नऊ मिलिग्रॅमच्या आसपास.

लखूनं नळी भरली. वीज सोडली. वजन वाढायच्या ऐवजी एक मिलिग्रॅमनं कमी झालं. म्हणजे चुंबकानं पूड ओढली तर नाहीच, उलट किंचित लोटली. जिच्यात एकही एकटा इलेक्ट्रॉन नाही अशी वस्तू तशी वागते.

पुन्हा भरली. उणे एक. तिसऱ्यांदा भरली. उणे एक.

नारायणचं वर्षभराचं काम या पुडीवर उभं होतं.

"कोयती कुठाय तुझी?"

"भायेर. जांभळीला."

"खिशात काय आहे?"

लखूनं पानाची चंची काढून दाखवली, चुन्याची डबी दाखवली. डबी पितळेची होती, तिला चुंबक ओढत नाही.

"मग नळीच नीट भरलेली नाहीस," नारायण म्हणाला, आणि पुढं त्याच्या तोंडून निघून गेलं, "तीन बोटांनी दुसरं काय होणार!"

लखूनं नळी हळूच स्टँडमध्ये उभी केली. वहीत तिसरा आकडा लिहायचा राहिला होता, तो लिहिला. बाहेर जाऊन जांभळीवरची कोयती काढली आणि डोंगराच्या वाटेला लागला. सोमवारी तो कामावर आला नाही, आणि त्यानंतरही आला नाही.

पुढच्या रविवारी नारायणनं स्वतः नळी भरली. पाचदा भरली. आकडे पाच तऱ्हेचे आले, कधी उणे अर्धा, कधी उणे दोन; पण वजन वाढलं असं एकदाही झालं नाही. पाचांची सरासरी काढली तर ती लखूच्या आकड्याला जाऊन टेकली. पुडीत क्रोमियम आहे तरी का, या शंकेनं त्यानं थोडी पूड मुशीत घालून जाळली. सेंद्रिय भाग धूर होऊन गेला आणि तळाशी हिरवी राख उरली. ती क्रोमियमचीच असते. ती नळीत भरून त्यानं वीज सोडली, तर राख चांगली ओढली गेली.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या शाळेच्या दारात उभा होता. पायांना जळवांचे डाग, धोतर गुडघ्यापर्यंत फाटलेलं. "मास्तर, लखूच्या घराची वाट दाखवा," म्हणाला. काय झालं ते त्यानं चढावर सांगितलं. काही लपवलं नाही.

अंगणात भाताची मळणी चालली होती. गिरजा पेंढ्या फळीवर झोडत होती, लखू मागं गवत रचत होता. नारायणला बघून गिरजानं हातातली पेंढी खाली ठेवली नाही.

"सायेब, ऱ्हायलेली तीन बोटं मोजायला आलाव काय?"

नारायण उभाच राहिला. "गिरजाक्का, चूक माझी झाली. लखूदादांनी मापलं ते बरोबर होतं. मी स्वतः पाचदा मापून बघितलं."

गिरजा पेंढी झोडता झोडता थांबली. "आनि चुकीचं निघालं असतं तर? मग तुमी बोल्लाव ते बरोबर ठरलं असतं व्हय?"

नारायणनं चष्मा दोनदा वर सारला. शेवटी तो म्हणाला, "नाही. तरी ते चुकीचंच होतं. मी बोलायला नको होतं."

गिरजानं पेंढी टाकली आणि आत गेली. लखू चांगला कान आमच्याकडे करून उभा होता. मग म्हणाला, "पुडीत धातू हाय का न्हाई, बघितलं?"

"जाळून बघितलं. हिरवी राख उरली. राख ओढली गेली."

"ओढली? किती?"

"चौदा."

लखू गवताच्या भाऱ्यावर बसला. "म्हंजे आत हुताच की त्यो. मग पुडीत असताना गप का बसला हुता?"

"तेच मला समजत नाही," नारायण म्हणाला. तो खरंच रडकुंडीला आला होता.

गिरजा बाहेर आली ती तीन वाडगे पेज आणि कैरीचं लोणचं घेऊन. वाडगे आमच्या पुढ्यात ठेवले, पण नारायणशी बोलली नाही. मळणी सरल्यावर बघीन, इतकंच लखू म्हणाला. आम्ही उतरलो.

मळणी सरली आणि जानेवारीतल्या एका रविवारी लखू खोलीवर हजर झाला. आल्या आल्या त्यानं हिरवी राख मागून घेतली, स्वतः भरली, स्वतः मापली. चौदा आले. मग काळी पूड. उणे एक. तेव्हा कुठं तो नारायणकडे वळला.

नारायणनं तोवर धारवाडहून जाड जाड पुस्तकं आणून वाचली होती. तो म्हणाला, "मी धरून चाललो होतो की सेंद्रिय तुकडे निमूट असतात, ओढ असते ती धातूची. पण त्या तीन तुकड्यांत प्रत्येकी एकेक एकटा इलेक्ट्रॉन असला तर? क्रोमियमचे तीन, यांचे तीन."

"तिघांना तिघं."

"हो. एकमेकांकडे उलट तोंड करून बसलेले. त्याची ओढ हा मारतो, याची तो. बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. जाळलं की सेंद्रिय तुकडे जातात आणि क्रोमियमचे तिघं पुन्हा मोकळे होतात."

लखूनं नळी स्टँडमध्ये उभी केली. "उलट तोंड करून बसत्यात म्हंजे भांडन हाय."

"भांडण कशाला?"

"म्या हितं परत आलो म्हून गिरजाबी तशीच बसलीया दोन दिस."

त्या दिवशी ते दोघं मोठ्यानं हसले, असं नारायणनं मला नंतर सांगितलं. सुरुंगाच्या त्या दिवसापासून लखूला हसताना फारसं कुणी पाहिलं नव्हतं. नारायण तेव्हापासून त्याला लखूदादाच म्हणायचा, मॅनेजरसमोरसुद्धा. गिरजाचं मन वळायला मात्र होळी उजाडली. त्या वेळी नारायण सणाला वर गेला, दिवसभर राहिला, आणि तिनं त्याला पहिल्यांदा 'घाडीबाबा' म्हणून हाक मारली.

पण धारवाडच्या प्राध्यापकांना हे पटलं नाही. ते भले गृहस्थ होते, आणि त्यांचं म्हणणं अडाणीपणाचं नव्हतं. ते म्हणाले : तुझ्या क्रोमियमनंच आपले तीन एकटे इलेक्ट्रॉन सेंद्रिय तुकड्यांना देऊन टाकले असतील, आणि तिथं ते पक्के बांधले गेले असतील. मग एकटं कुणी उरलंच नाही, ओढ येणार कुठून? उलट तोंडाच्या तीन जोड्या जमल्यात असं तू म्हणतोस, जोड्या मुळी नाहीतच असं मी म्हणतो. तुझं खरं कशावरून?

नारायण १९६४ च्या एप्रिलमध्ये हे सांगायला दिग्गीला आला. लखू, तो आणि मी माझ्याच पडवीत बसलो होतो. ऊन मी म्हणत होतं. प्रबंधातून काळ्या पुडीचं प्रकरण काढून टाकायचं ठरलं होतं. लखूदादाचे ते आकडे वाया गेले, म्हणून तो हात जोडून माफी मागत होता.

लखूनं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काळी पूड आपन कवा मापली? थंडीत न्हवं? निळी पूड उन्हाळ्यात मापली की ओढ जरा कमी येती. दर साली बघतोय. ह्या काळीचं उन्हाळ्यात काय हुतं?"

नारायणनं चष्मा काढला आणि तो नुसता हातात धरून बसला.

त्याला जे सुचायला हवं होतं ते लखूनं विचारलं होतं. जोड्या असल्या तर उष्णतेनं त्या थोड्या तरी ढिल्या होणार, आणि ढिल्या झाल्या की ओढ दिसणार. जोड्याच नसतील तर कितीही तापवा, काही फरक पडायचा नाही. रविवारची वाट न बघता ते दोघं दुसऱ्याच दिवशी खाणीवर गेले आणि दुपारच्या जेवणाच्या सुटीत यंत्र थांबलं तेवढ्या वेळात मापून घेतलं. खोलीत थर्मामीटर अडतीसवर होता. लखूनं सहा वेळा नळी भरली. उणे एकच्या जागी उणे सहा दशांश आलं. सहाही वेळा.

म्हणजे चार दशांश मिलिग्रॅमची ओढ जागी झाली होती. प्राध्यापक म्हणाले, एवढ्याशा फरकावर मी सही करणार नाही. त्यांचंही बरोबर होतं; असल्या खोलीत, असल्या विजेवर घेतलेला आकडा. नारायणनं वाद घातला नाही. पुढच्या वर्षी बाकीच्या प्रकरणांवर त्याला पदवी मिळाली. काळ्या पुडीचा त्यात शब्द नव्हता. तोवर त्यानं खाण सोडली होती आणि तो पुण्याकडे एका कॉलेजात शिकवायला लागला होता. जाताना त्यानं लखूला स्वतःचा स्वेटर दिला आणि गिरजाच्या पाया पडला. गिरजा म्हणाली, "घाडीबाबा, तिकडच्या मान्सांना बोलताना जपून बोला." तो म्हणाला, "जपेन, अक्का."

पुढं खाणीचे दिवस फिरले. दगड तपासायची खोली बंद झाली, तराजू कुठं गेला माहीत नाही. चुंबक बरेच दिवस पत्र्याच्या शेडमध्ये पडून होता. लखू शेतीत परतला. कधी शाळेवर यायचा आणि मुलांना गणितं घालत असलो की मागं भिंतीशी बसून ऐकायचा. त्या दिवसांबद्दल तो आपणहून बोलत नसे. विचारलं तर म्हणायचा, "मापलं ते मापलं."

१९६७ च्या फेब्रुवारीत नारायणचं कार्ड आलं, माझ्या पत्त्यावर, लखूच्या नावानं. मी ते शाळेच्या पायरीवर बसून त्याला वाचून दाखवलं. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. त्यात पूड बर्फाहून थंड करता येते आणि उकळत्या पाण्याहून जास्त तापवता येते. नारायणनं काळी पूड नव्यानं बनवून तिथं नेली होती. थंड केली तेव्हा ओढ काहीच नव्हती. तापवत गेले तसतशी ओढ थोडी थोडी वाढत गेली, आणि अडतीसवरचा आकडा हिशेब जुळवून पाहिला तर लखूदादाच्या आकड्याशी केसभराच्या फरकानं मिळाला. जोड्या होत्या. त्यावर आता एक छोटा निबंध लिहितोय, त्यात खाणीवरची मोजणी लखू वेळीप यांनी केली असं छापून येईल, असं लिहिलं होतं.

लखूनं कार्ड माझ्याकडून घेतलं. अक्षरं त्याला लागत नव्हती, पण आकडे तेवढे त्यानं बोट ठेवून वाचले. मग पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचलं. त्याचे डोळे भरून आले होते, ते त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं पुसले.

"मास्तर, उत्तर लिवा," तो म्हणाला.

मी पेन उघडलं. "काय लिहू?"

"गिरजा बरी हाय म्हना. धाकट्या म्हशीला रेडी झाली. यंदा भात बरं आलं." जरा थांबून म्हणाला, "आनि इचारा, नळी कुनी भरली?"

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तिथं नळी ठोकायला विजेचं यंत्र आहे, माणूस लागत नाही, असं नारायणनं कळवलं होतं. हे काही लखूला पटलं नाही.